भीमाकाठच्या ऑइल इंजिनांचा मागोवा

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं की पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, आणि दोन्ही काठांना नजर जाईल तिथवर ऊस. हा ऊस कुणी आणला असं विचारलं तर लोक धरणांची, कालव्यांची, न्हावऱ्याच्या आणि पाटसच्या साखर कारखान्यांची नावं घेतात. ती घ्यायलाच हवीत. पण या सगळ्यांच्या आधी आणि पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या जोडीनं नदीतलं पाणी उचलून वर टाकणारं एक ओतीव लोखंडाचं यंत्र होतं, त्याचं नाव या यादीत येत नाही. हँडल मारून सुरू होणारं ऑइल इंजिन. ते आलं, दोन पिढ्यांच्या शेतीचा भार त्यानं वाहिला, मग ते गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथून किलोच्या भावानं भंगारात. अलीकडे जुन्या यंत्रांचा नाद असलेली काही माणसं अशी इंजिनं शोधून पुन्हा चालती करताना दिसतात. त्यांचं काम मला मोलाचं वाटतं, म्हणून हा मागोवा.

इंजिनाआधी मोट होती. चामड्याची मोट, नाडा आणि सौंदर, विहिरीच्या काठावरचं चाक, बैलांची उतरती धाव, पाणी ओतायचं थारोळं. दिवसभर बैल धावेवर पुढे-मागे होत आणि त्या पाण्यावर भाजीपाल्याचे वाफे आणि थोडा मळा भिजे. नदीचा प्रश्न आणखी अवघड होता. भीमा आणि घोड या नद्यांनी आपली पात्रं खोल कापून घेतली आहेत. पाणी डोळ्यांसमोर वाहायचं आणि दरडीवरची जमीन कोरडी राहायची. घोडनदी हे तर शिरूर गावाचंच दुसरं नाव, पण नदीचं नाव मिळालं म्हणून नदीचं पाणी मिळालं असं नव्हतं. मुठा उजव्या कालव्याचं पाणी दौंडच्या काही भागात जुन्या काळापासून येत होतं. कालव्याच्या वर असलेल्या रानाला मात्र पावसाशिवाय वाली नव्हता.

रुडॉल्फ डिझेलनं आपलं इंजिन 1897 साली जर्मनीत चालवून दाखवलं. शेतकऱ्याच्या कामाचं लहान, एका सिलिंडरचं, हातानं सुरू होणारं इंजिन तयार व्हायला त्यानंतर तीन दशकं जावी लागली. इंग्लंडमधल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीनं 1930 च्या सुमारास ‘सीएस’ इंजिन बाजारात आणलं: 5 अश्वशक्ती, मिनिटाला 600 फेरे, दोन बाजूंना दोन जड फ्लायव्हील. थंड असतानाही ते थेट सुरू होई, हीच त्याची मातब्बरी. त्याच वंशाच्या इंजिनांच्या नकला पुढे राजकोटला बनू लागल्या आणि देशभर पसरल्या. लिस्टरनं स्वतः ते इंजिन 1987 मध्ये थांबवलं, पण राजकोटनं त्याचं कूळ चालू ठेवलं.

आपल्याकडची कहाणी मात्र किर्लोस्करांशिवाय पुरी होत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते असा समज होता आणि गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तिथे उसाचे चरक बनले, 1926 मध्ये पंप बनला. पंपाला फिरवणारं इंजिन देशातच हवं, या विचारातून शंतनुराव किर्लोस्करांच्या पुढाकारानं 1946 साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातूनही इंजिनं निघत होती. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. म्हणजे शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला ज्या यंत्रानं पाणी दिलं, ते दोन-तीन जिल्ह्यांच्या अंतरातल्या कारखान्यांत ओतलेलं होतं. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगत नाही, सांगायला हवी. किर्लोस्करांचं ‘एव्ही-1’ घ्या. पेटर या इंग्रजी कंपनीच्या घराण्याशी नातं सांगणारं, 80 मिलिमीटर बोअरचं, 110 मिलिमीटर स्ट्रोकचं, मिनिटाला 1500 फेरे मारून 5 अश्वशक्ती देणारं. महाराष्ट्रातल्या नदीकाठांवर ते इतकं रुजलं की ‘किर्लोस्कर’ म्हटलं की लोकांना कंपनी आठवत नसे, इंजिन आठवे.

ते सुरू करणं हे अंगमेहनतीचं आणि कसबाचं काम होतं. आधी पंपात पाणी भरायचं, कारण फूटव्हॉल्व्ह गळका असला की रात्रीत पाइप रिकामा होई. डिझेलच्या नळीत हवा धरली असेल तर नट सैल करून ती काढायची. मग कॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवायचं, चाकानं वेग धरला की खटका सोडायचा. पहिला धूर निघाला की हँडल झटकन ओढून घ्यायचं. चुकलं तर हँडल उलटून मनगट मोडायचं. म्हणून जाणती माणसं नवख्या पोराला हँडल देण्याआधी अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायला शिकवत. एकदा लय धरली की माणूस खोरं घेऊन दारं धरायला मोकळा. फर्लांगभर लांबून आवाजावरून कळायचं की पंपानं पाणी सोडलं, की फडक्याचा बोळा जाळीत अडकला, की डिझेल संपत आलं. लिस्टरच्या घराण्यातलं इंजिन मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोके टाकायचं, एव्ही-1 साडेसातशे. संथ ठोक्याचं कुठलं आणि घाईचं कुठलं हे रानातल्या पोरांनाही ओळखू यायचं. इंजिन थंड ठेवायला पंपाचंच पाणी त्यातून फिरवून बाहेर सोडत. थंडीच्या पहाटे त्या कोमट पाण्यावर अख्ख्या वस्तीच्या आंघोळी होत.

इंजिन फक्त पाणी उचलत नव्हतं. पट्टा चढवला की तेच पिठाची गिरणी फिरवायचं, पट्टा बदलला की उसाचा चरक. राहू, पारगाव, केडगाव या पट्ट्यातली गुऱ्हाळं सगळ्यांना ठाऊक आहेत. बैलांच्या चरकावर रस निघायचा तो दिवसभराच्या चकरांनी. इंजिनाचा चरक आल्यावर काहिलीला रसाची वाट पाहावी लागेना, उलट चुलवाणावरच्या जळव्याची आणि गुळव्याची धांदल उडू लागली. कारखान्याची वाट न पाहता ऊस गाळता येतो, भाव पाहून गूळ विकता येतो, ही मोकळीक नदीकाठच्या शेतकऱ्याला इंजिनाच्या पट्ट्यानं दिली. सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास लिहिताना या गुऱ्हाळांच्या इंजिनांना एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्यांना एक प्रकरण मिळायला हवं.

1972 चा दुष्काळ हा या यंत्राच्या कसोटीचा काळ. पाणी खाली गेलं तसं इंजिनही खाली न्यावं लागलं. त्याला पदार्थविज्ञानाचं कारण आहे: पंप पाणी खालून ओढतो तो हवेच्या दाबाच्या आधारानं, आणि व्यवहारात वीस-पंचवीस फुटांपलीकडे तो ओढू शकत नाही. वर ढकलायला ही मर्यादा नाही, ओढायला आहे. म्हणून विहिरीच्या पोटात ओंडके रोवून, त्यांवर फळ्या टाकून इंजिन उतरवायचे. धुराची नळी वर काढली तरी विहिरीत विषारी हवा साठे आणि खाली उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेते. दुष्काळाच्या आठवणी सांगताना लोक सुकडी आणि खडीकेंद्र सांगतात. विहिरीत उतरलेल्या इंजिनवाल्यांच्या आठवणीही त्यांच्याशेजारी नोंदल्या गेल्या पाहिजेत.

उतरणीची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1960 मध्ये राज्य वीज मंडळ आलं, पुढच्या दोन दशकांत खांब रानात पोचले. किर्लोस्करांनी इंजिनांची कंपनी काढली त्याच 1946 साली बंगळूरला विजेच्या मोटारींचीही काढली होती. एकाच घरातून इंजिन आणि त्याचा प्रतिस्पर्धी दोघं निघाले. 1977 पासून शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरावीक आकारणी आली, डिझेल महाग होत गेलं आणि बटण दाबून पाणी मिळू लागलं. घोड धरण, चासकमान, नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, दौंडच्या खालच्या अंगापर्यंत आलेला उजनीचा फुगवटा यांनी पाणी वाढलं, पण ते उचलायला आता मोटारी होत्या. भारनियमनाच्या वर्षांत, पीक जळू लागलं तेव्हा, गोठ्यातली इंजिनं पुन्हा बाहेर आली. तो त्यांचा शेवटचा हंगाम. त्यानंतर भंगारवाल्याचा टेंपो आला.

भंगारात जाणारी यंत्रं जपण्याचा नाद इतर देशांतही आहे. अमेरिकेत, कॅनडात, स्वीडनमध्ये लोक जुन्या चेनसॉ, म्हणजे इंजिनावरच्या करवती, जमवतात. 1949 मधली 25 पौंडांची ‘मॅक्युलॉक 3-25’ किंवा 1959 मधली ‘श्टील काँट्रा’ उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा लाकडाला लावतात. ते स्वाभाविक आहे, कारण त्यांच्या आजोबांनी जंगल तोडून पोट भरलं. आपल्याकडे बाभळीला कुऱ्हाड आणि करवतच पुरे होती, चेनसॉ हातात आली ती अगदी अलीकडे. आपल्या रानात पहिलं इंजिन आलं ते पाण्यासाठी. म्हणून शिरूर-दौंडमध्ये कुणाला जुन्या यंत्राचा नाद लागलाच तर तो चाकाच्या, हँडलच्या, पट्ट्याच्या इंजिनाचा लागावा हेच बरोबर.

जुनं इंजिन पुन्हा चालतं करण्याचं काम कसं होतं ते सांगण्यासारखं आहे. इंजिन सापडतं तेव्हा ते बहुधा जाम असतं. पावसात धुराच्या नळीवर डबा झाकायचा राहिला, पाणी आत उतरलं आणि पिस्टन लायनरला धरून बसला. इथे घाई करणारा माणूस घण उचलतो आणि इंजिन कायमचं घालवतो. जाणता मिस्त्री हेड उतरवतो, सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल भरतो आणि ते दिवसच्या दिवस मुरू देतो. मग लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलके ठोके. पिस्टन केसभर हलला की निम्मं काम झालं. पुढचं दुखणं पाण्याच्या पोकळीत. नदीचा गाळ आणि क्षार वर्षानुवर्षं आत बसून दगड झालेले असतात, ते टोकरून काढावे लागतात, आणि काढल्यावर कधी खाली ओतिवाला गेलेली चीर दिसते. ओतीव लोखंडाला वेल्डिंग करताना आधी भाग तापवावा लागतो, निकेलचा रॉड वापरावा लागतो आणि नंतर तो राखेत पुरून सावकाश निवू द्यावा लागतो. घाईनं निवला तर शेजारीच नवी चीर.

फ्लायव्हील दोरानं टांगून हातोडीनं हलकं वाजवून बघतात. स्वच्छ नाद आला तर चाक शाबूत. बद्द आवाज आला तर ते चाक फिरवायचं नाही, कितीही आवडतं असलं तरी, कारण वेगात फुटलेलं चाक माणूस मारतं. इंग्रजी बनावटीच्या इंजिनांचे आटे व्हिटवर्थ मापाचे, त्यांना आजचे मिलिमीटरचे पाने बसत नाहीत. तिथे सुतात माप सांगणारा म्हातारा मिस्त्रीच लागतो. सुटे भाग मिळवणं त्या मानानं सोपं. एव्ही-1 चे पिस्टन, रिंगा, लायनर बाजारात मिळतात, लिस्टर घराण्याचे राजकोटहून येतात, नोझल मिको कंपनीच्या बनावटीचं चालतं. बाकीचं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी धीर धरून शोधायचं. चालू करण्याआधी गव्हर्नर मोकळा हलतो की नाही हे पाहावंच लागतं. तो अडकला असेल तर इंजिन बेभान पळतं आणि हवेची किंवा डिझेलची वाट बंद केल्याशिवाय थांबत नाही.

इथे एक मत स्पष्ट मांडतो. इंजिन उघडून, चकचकीत रंग देऊन फार्म हाउसच्या दारात उभं करणं म्हणजे जतन नव्हे. त्याच्या अंगावरचा झिजलेला रंग, हँडलनं गुळगुळीत झालेली कड, गावच्या लोहारानं मारलेली पट्टी, हा त्याचा इतिहास आहे आणि रंगाच्या हातानं तो पुसला जातो. गंज थांबवा, तेल लावा, पण पुसू नका. आणि ते चालतं ठेवा. वर्षातून एकदा तरी पंपाला जोडून पाटात पाणी पडू द्या. दुसरी गोष्ट पट्टीची. कंपनीचं नाव, क्रमांक आणि अश्वशक्ती कोरलेली धातूची पट्टी भंगारात सगळ्यात आधी उचकटली जाते. ती गेली की इंजिन निनावी होतं.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी लोकांच्या घरातले दिवे, अडकित्ते, भांडी जमवली तेव्हा त्या वस्तूंनाही अडगळच म्हणणारे असतील. 1975 मध्ये तो संग्रह राज्याचा झाला आणि आज तो पुण्याचं भूषण आहे. शेतातल्या यंत्रांना तसा आसरा देणं एखाद्या साखर कारखान्याला, कृषी महाविद्यालयाला किंवा ग्रामपंचायतीला सहज जमेल. एक पत्र्याची शेड, चार इंजिनं, एक चरक, एक मोट आणि ती चालवून दाखवणारा एक निवृत्त मिस्त्री एवढ्यावर सुरुवात होते.

शिरूर-दौंडच्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या गोठ्यात, विहिरीवर, बंद गुऱ्हाळात असं इंजिन पडलं असेल तर टेंपोवाल्याला बोलावण्याआधी त्याच्या पट्टीवरचा मजकूर उतरवून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, आणि ते कोणत्या साली, कुणी, कशाच्या पैशातून आणलं हे घरातल्या सगळ्यात वडील माणसाला विचारून लिहून ठेवा. विकायचंच असेल तर ते तोडणाऱ्याला देऊ नका, चालवणाऱ्याला द्या.