महाजाल, आडोसा आणि आपली मुले

सन २००१ च्या सुमारास अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत ठिकठिकाणी सायबर कॅफे होते. आडोसे घालून केलेल्या छोट्या कप्प्यांत, तासाचे पैसे मोजून कोणीही महाजालावर भटकत असे. शाळकरी मुलेही त्यांत असत. अश्लील साहित्य मुलांच्या हाती सहज लागते, अशी तक्रार करणारे पत्र त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींकडे आले. न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि उपाय सुचविण्यासाठी समिती नेमली.

समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. अल्पवयीन मुलांना आडोशाच्या कप्प्यात बसू देऊ नये, मोकळ्या जागेतील संगणकच त्यांना द्यावा आणि त्यावर अश्लील मजकूर अडविणारी गाळणी, म्हणजेच फिल्टर असावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी २००२ मध्ये, व्हॅटिकनने ‘चर्च आणि इंटरनेट’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. शक्य असेल तेथे पालकांनी फिल्टर वापरावा, मुलांना देखरेखीविना महाजालावर सोडू नये आणि त्यांनी तेथे जे पाहिले त्याविषयी त्यांच्याशी बोलावे, असे त्यातही सांगितले होते.

आज सायबर कॅफे जवळजवळ दिसेनासे झाले आहेत, परंतु आडोसा गेलेला नाही. तो मुलांच्या खिशात आला आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाइलवर भरली आणि अनेक घरांत मुलांच्या हाती प्रथमच फोन आला. तो परत घेणे आता सोपे नाही. मग पालकांनी काय करावे?

अँड्रॉइड फोनवर ‘फॅमिली लिंक’ ही गूगलची मोफत सोय आहे. तिच्या साहाय्याने पालकांना आपल्या फोनवरून मुलाच्या फोनची वेळ ठरविता येते, नवे अॅप घेण्यास परवानगी देता किंवा नाकारता येते आणि अश्लील संकेतस्थळे अडविता येतात. आयफोनमध्ये हीच सोय सेटिंग्जमधील ‘स्क्रीन टाइम’ या भागात आहे. यूट्यूबवर ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ सुरू करता येतो. या सर्वांचा पासवर्ड मात्र मुलाला ठाऊक असता कामा नये.

तरीही एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. गाळणीतून बरेच काही निसटते. व्हॉट्सअॅपवर मित्राने धाडलेली चित्रफीत तिला दिसत नाही आणि शेजारच्या मुलाच्या फोनवर तिचे काही चालत नाही. म्हणून २००२ ची ती साधी शिफारस घरातही पाळावी: पडदा सर्वांसमोर असावा. रात्री घरातील सगळे फोन, आईवडिलांचेसुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत.

एखादे दिवशी मुलाने नको ते पाहिल्याचे लक्षात आले, तर आरडाओरडा करू नये. जे मूल घाबरते ते पुढच्या वेळी लपवते; आणि त्याला धमकावणाऱ्या अनोळखी माणसाला नेमके तेच हवे असते. मुलाचेच छायाचित्र कोणी पसरवीत असेल, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा पोलिसांकडे तत्काळ कळवावे. १९९६ साली ही सेवा आपल्या मुंबईतच सुरू झाली. मुलांची अश्लील चित्रे पाठविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. ‘बघा, काय चालले आहे’ म्हणून इतरांना सावध करण्यासाठीही ती पुढे धाडू नयेत.

कुलूप लावणे हे पालकांचे कर्तव्य आहेच. परंतु कुलपाबाहेर काही घडले तर मुलाने प्रथम आपल्याकडे धाव घ्यावी, एवढा विश्वास त्याला आपल्या घरात मिळतो का? हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी आज स्वतःला विचारावा, अशी आमची नम्र विनंती आहे.