वांकेल विमान इंजिनातील कमी संपीडन व प्रारंभदोष

वांकेल इंजिन हे दट्ट्याऐवजी त्रिकोणी रोटर असलेले अंतर्ज्वलन इंजिन आहे. हलकी विमाने, मोटर ग्लायडर आणि मानवरहित विमाने यांत त्याचा वापर होतो. इंजिन सुरू होण्यास त्रास होणे (प्रारंभदोष) आणि ज्वलनकक्षात पुरेसा दाब न होणे (कमी संपीडन) हे या इंजिनातील दोन नेहमीचे दोष आहेत. बहुधा ते एकत्र आढळतात आणि एकमेकांना कारणीभूत ठरतात. दाब कमी असल्याने इंजिन सुरू होत नाही. सुरू न झालेल्या इंजिनात न जळलेले इंधन साचते, ते भिंतींवरील तेल धुऊन काढते आणि दाब आणखी घटतो. त्यामुळे दाबमापकावर कमी आकडा आला म्हणजे इंजिन झिजलेच आहे, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. इंजिन उघडण्यापूर्वी तात्पुरती कारणे आणि कायमची हानी यांत फरक करणे हा या दोषनिदानाचा गाभा आहे.

== संज्ञा ==

'रोटरी विमान इंजिन' ही संज्ञा दोन भिन्न यंत्रांसाठी वापरली जाते. पहिल्या महायुद्धातील नोम, ल रोन, क्लेर्जे इत्यादी इंजिनांत सिलिंडरांचा संपूर्ण संच स्थिर दंडाभोवती फिरत असे. वांकेल इंजिनात कवच स्थिर असते आणि त्याच्या आत रोटर फिरतो. प्रस्तुत लेख केवळ वांकेल इंजिनासंबंधी आहे.

== विमानांतील वापर ==

फेलिक्स वांकेल या जर्मन अभियंत्याच्या कल्पनेवर आधारित पहिले इंजिन १९५७ साली एनएसयू या कंपनीत चालवण्यात आले. आकाराच्या मानाने अधिक शक्ती, कमी वजन आणि अल्प कंपने या गुणांमुळे विमान अभियंते त्याकडे आकर्षित झाले. जर्मनीतील अलेक्झांडर श्लायशर कंपनीच्या एएसएच २६ ई या ग्लायडरमध्ये एकाच रोटरचे इंजिन बसवलेले असते. हौशी विमानबांधणी करणारे अनेक जण माझ्दा मोटारींची दोन रोटरांची इंजिने विमानासाठी रूपांतरित करतात.

भारतात 'निशांत' या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वांकेल इंजिन विकसित करण्यात आले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) आणि बंगळूर येथील नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज यांचा त्यात सहभाग होता. या इंजिनासह निशांतचे पहिले उड्डाण २००९ साली कर्नाटकातील कोलारजवळ झाले.

== कक्षातील दाब कसा टिकतो ==

रोटरच्या तीन बाजू आणि कवच यांच्यामध्ये तीन कक्ष तयार होतात. रोटरचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मधला उत्केंद्री दंड तीन फेरे करतो. म्हणून दंडाच्या प्रत्येक फेऱ्यात एका रोटरकडून एक ज्वलन मिळते. कक्षांतील वायू पुढील घटकांमुळे अडवला जातो:

* एपेक्स सील: रोटरच्या तीन टोकांवरील पट्ट्या. यांची जाडी सामान्यतः २ ते ३ मिलिमीटर असते. प्रत्येक पट्टी दोन शेजारच्या कक्षांना वेगळे करते.
* साइड सील: रोटरच्या दोन्ही सपाट अंगांवरील वक्र पट्ट्या. या कक्षातील वायूला रोटरच्या मध्यभागाकडे जाऊ देत नाहीत.
* कॉर्नर सील: एपेक्स सील आणि साइड सील जेथे मिळतात तेथील लहान गोल घटक.

या सर्वांच्या मागे बारीक स्प्रिंग असतात, परंतु स्प्रिंगचा जोर मर्यादित असतो. इंजिन चालू असताना वायूचा दाब सीलच्या मागील खाचेत शिरून त्यांना कवचावर दाबून धरतो. उरलेली सूक्ष्म फट तेलाचा पातळ थर बुजवतो. इंजिन सुरू करताना यांपैकी स्प्रिंग आणि तेल यांवरच जवळजवळ सर्व भिस्त असते.

वेळ हा तिसरा घटक आहे. संपीडनाची क्रिया दंडाच्या २७० अंशांत पूर्ण होते. स्टार्टरने मिनिटाला २५० फेरे दिल्यास तिला ०.१८ सेकंद लागतात. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना तीच क्रिया ०.००७५ सेकंदात संपते. म्हणजे सुरू होताना वायूला निसटण्यास २४ पट अधिक वेळ मिळतो. जी गळती पूर्ण वेगात जाणवतही नाही, ती सुरुवातीला इंजिन अडवून धरू शकते. म्हणूनच असे इंजिन एकदा सुरू झाले की पुष्कळदा सुरळीत चालते आणि दोष दुर्लक्षित राहतो.

== प्रारंभदोषाची कारणे ==

=== इंधनाने चिंब होणे ===

कारागीर याला 'इंजिन फ्लड होणे' म्हणतात. थंड इंजिनाला जास्त इंधन दिल्याने, इंजिन सुरू करून लगेच बंद केल्याने किंवा अनेक अयशस्वी प्रयत्नांमुळे हे घडते. इंधन तेलाचा थर विरघळवते आणि स्पार्क प्लगही ओले होतात. यात कोणताही भाग झिजलेला नसतो, तरी दाबाचा आकडा झिजलेल्या इंजिनासारखा येतो.

=== मंद गती ===

अशक्त बॅटरी, गंजलेली जोडणी किंवा थकलेला स्टार्टर यांमुळे दंड हळू फिरतो. वर सांगितल्याप्रमाणे गती घटली की गळतीला वेळ मिळतो आणि चांगल्या इंजिनातही दाब कमी भरतो.

=== क्षीण ठिणगी ===

वांकेल इंजिनाचा ज्वलनकक्ष लांबट, पातळ आणि सरकता असतो. त्याच्या विस्तृत पृष्ठभागातून उष्णता लवकर निघून जाते, त्यामुळे ज्योत पसरणे कठीण जाते. सीलच्या वंगणासाठी सोडलेले तेल कक्षातच जळत असल्याने प्लगवर काजळी साचते. अनेक इंजिनांत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. त्यांपैकी एक निकामी झाला तरी चालू इंजिन पुढे चालते, पण थंड इंजिन सुरू होताना त्याची उणीव भासते.

=== चिकटलेली सील ===

तेलाची काजळी किंवा साठवणीतील चिकटा यांमुळे सील खाचेत अडकते आणि स्प्रिंग तिला बाहेर ढकलू शकत नाही. दीर्घकाळ न वापरलेल्या इंजिनांत हे विशेष आढळते.

=== झीज आणि तुटणे ===

अतितापन, तेलाचा अपुरा पुरवठा किंवा आघाती ज्वलन यांमुळे एपेक्स सील झिजते, वाकते वा तुटते. तुटलेला तुकडा कवचाच्या आतील मुलामा ओरखडतो. सील थरथरल्याने कवचावर उमटणाऱ्या लाटांसारख्या खुणा हा या इंजिनाचा जुना शत्रू आहे. १९६०च्या दशकात केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखालील माझ्दाच्या अभियंत्यांना या खुणांवर उपाय शोधण्यासाठी मोठे संशोधन करावे लागले. जपानमध्ये त्या 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणून ओळखल्या जात.

=== शीतक द्रवाची गळती ===

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांत कवचाच्या थरांमधील रबरी कडी निकामी झाल्यास, बंद इंजिनाच्या कक्षात द्रव झिरपतो. रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी सुरू होण्यास त्रास होणे, सुरुवातीला पांढरा धूर येणे आणि टाकीतील द्रव सतत घटणे ही त्याची लक्षणे आहेत.

== संपीडन चाचणी ==

दट्ट्याच्या इंजिनासाठी वापरला जाणारा साधा दाबमापक येथे फसवा ठरतो. त्यातील एकमार्गी झडप सर्वाधिक दाब धरून ठेवते. वांकेल इंजिनात एकाच प्लगच्या छिद्रासमोरून तीन वेगवेगळे कक्ष जातात, त्यामुळे तिघांपैकी सर्वोत्तम कक्षाचाच आकडा दिसतो आणि दोन दुबळे कक्ष झाकले जातात. म्हणून झडप काढून काट्याचे तीन ठोके स्वतंत्रपणे पाहतात किंवा प्रत्येक ठोका नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण वापरतात. मिनिटाला २५० फेऱ्यांच्या गतीला सेकंदाला सुमारे चार ठोके येतात, त्यामुळे काटा वाचताना चलचित्रण उपयोगी पडते.

चाचणीपूर्वी इंधनपुरवठा व प्रज्वलन बंद करतात, थ्रॉटल पूर्ण उघडतात आणि बॅटरी पूर्ण भारित असल्याची खात्री करतात. प्रोपेलरच्या कक्षेत कोणीही असता कामा नये. दाबाबरोबर फेऱ्यांची गती नोंदवणे आवश्यक असते, कारण गतीविना दाबाच्या आकड्याला अर्थ नसतो.

उदाहरणार्थ, माझ्दा आरएक्स-८ मोटारीतील 'रेनेसिस' इंजिनासाठी मिनिटाला २५० फेऱ्यांना ८३० किलोपास्कल हा प्रमाण दाब आणि ६८० किलोपास्कल ही किमान मर्यादा आहे. एकाच रोटरच्या कक्षांत १५० किलोपास्कलपेक्षा व दोन रोटरांत १०० किलोपास्कलपेक्षा अधिक फरक चालत नाही. इतर इंजिनांच्या मर्यादा वेगळ्या असून त्या त्यांच्या देखभाल पुस्तिकेतूनच घ्याव्या लागतात.

स्थळाची उंचीही विचारात घ्यावी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवरील अहिल्यानगर येथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात ते आठ टक्के कमी असतो. तेच निर्दोष इंजिन तेथे त्याच प्रमाणात कमी आकडा दाखवते.

== आकड्यांचा अर्थ ==

तीन कक्षांच्या आकड्यांची परस्पर तुलना ही एकट्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी असते.

* तिन्ही कक्ष सारखेच कमी, सर्व रोटरांत तीच स्थिती: मंद गती, धुऊन गेलेले तेल, अर्धवट उघडे थ्रॉटल किंवा सर्वसाधारण झीज.
* एका रोटरचे तिन्ही कक्ष कमी: त्या रोटरचे तेल धुऊन जाणे, चिकटलेली सील किंवा त्याच्या कवचाची हानी.
* दोन कक्ष कमी, तिसरा चांगला: या दोन कक्षांमधील एपेक्स सील संशयास्पद.
* एकच कक्ष कमी: त्या बाजूची साइड सील किंवा कॉर्नर सील संशयास्पद.

हे नियम दिशादर्शक आहेत. तुटलेल्या सीलच्या तुकड्याने कवच खराब केले असल्यास तिन्ही कक्षांचा दाब ढासळतो.

== निदानाचा क्रम ==

सोप्या आणि इंजिन न उघडता करता येणाऱ्या तपासण्या आधी करतात.

# बॅटरी, जोडण्या आणि स्टार्टरची गती तपासणे.
# प्लग काढून पाहणे. ओला प्लग इंधनाचे, काळा प्लग काजळीचे आणि पाण्याचे थेंब शीतक गळतीचे सूचक असतात.
# संपीडन चाचणी करून सर्व कक्षांचे आकडे व गती लिहून ठेवणे.
# प्रत्येक कक्षात सुमारे ५ ते १० मिलिलिटर इंजिन तेल टाकून चाचणी पुन्हा घेणे. दाब वाढला आणि इंजिन चालवून झाल्यावरही टिकला, तर तेल धुऊन गेले होते. वाढलेला दाब तेल जळताच पुन्हा घसरला, तर झीज आहे. तेलाने काहीच फरक पडला नाही, तर सील तुटलेली किंवा अडकलेली असण्याची शक्यता अधिक.
# रचना अनुकूल असल्यास निष्कास मार्गातून रोटर हळूहळू फिरवत प्रत्येक एपेक्स सील मऊ लाकडी काडीने दाबून पाहणे. मोकळी सील आत जाऊन परत बाहेर येते, अडकलेली सील हलत नाही. याच वेळी बोरस्कोपने कवचावरील ओरखडे पाहता येतात.
# कक्षात कमी दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते हे ऐकणे. शीतक टाकीत बुडबुडे आल्यास रबरी कडी निकामी झालेली असते.

== उपाय ==

चिंब झालेल्या इंजिनासाठी इंधन बंद करून, प्लग काढून आणि प्रज्वलन निष्क्रिय ठेवून दंड फिरवतात, म्हणजे साचलेले इंधन बाहेर पडते. नंतर कक्षांत थोडे तेल टाकून कोरडे वा नवे प्लग बसवतात. सुरू झाल्यावर काही वेळ दाट धूर येतो, तो या तेलाचा असतो. स्टार्टर तापू नये म्हणून दोन प्रयत्नांत विश्रांती देतात.

चिकटलेली सील काही वेळा भेदक तेलात भिजवून मोकळी होते. तसे न झाल्यास इंजिन उघडून खाचा स्वच्छ करतात. तुटलेली सील, ओरखडलेले कवच किंवा निकामी रबरी कडी यांना इंजिन उघडण्यावाचून पर्याय नसतो. तेल टाकून अशा इंजिनाचा दाब तात्पुरता वाढवणे हा निदानाचा भाग आहे, दुरुस्ती नव्हे. प्रमाणित विमान इंजिनावर केवळ निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली प्रक्रिया आणि अधिकृत तंत्रज्ञाची नोंद ग्राह्य असते.

== उड्डाणसुरक्षेशी संबंध ==

मोटारीचे इंजिन सुरू झाले नाही तर ती जागेवर उभी राहते. विमानाबाबत परिणाम वेगळे होतात. स्वयंउड्डाण ग्लायडरमध्ये वैमानिक हवेत इंजिन बंद करतो आणि गरज पडल्यास पुन्हा सुरू करतो. बाहेर काढलेले पण न चाललेले इंजिन हवेचा रोध वाढवते, त्यामुळे ग्लायडर अधिक वेगाने उंची गमावते. म्हणून उतरण्यायोग्य जागा आवाक्यात असतानाच इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करणे हा सुरक्षित संकेत मानला जातो. निशांतसारखे विमान प्रक्षेपकावरून सोडले जाते. त्याला धावपट्टीवरील धाव नसते, त्यामुळे इंजिनाची खात्री प्रक्षेपणापूर्वीच करावी लागते.

गरम इंजिन पुन्हा सुरू न होणे ही विशेष गंभीर खूण आहे. तापलेले तेल पातळ होऊन फटी नीट बुजवत नाही. म्हणून थंड असताना सुरू होणारे पण गरम असताना अडणारे इंजिन बहुधा झिजेच्या मार्गावर असते. ज्या विमानाला हवेत इंजिन पुन्हा सुरू करावे लागते, त्याच्या बाबतीत ही खूण 'चालतेय तर चालू द्या' म्हणून सोडून देण्यासारखी नसते.

== प्रतिबंध ==

इंजिन सुरू केल्यास ते कार्यतापमानाला येईपर्यंत चालवणे, तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या शिफारशीप्रमाणे ठेवणे आणि दीर्घ साठवणीपूर्वी कक्षांत संरक्षक तेल फवारणे यांमुळे बहुतेक प्रारंभदोष टळतात. ठरावीक तासांनी संपीडनाचे आकडे, गती, तापमान व स्थळ यांसह नोंदवहीत लिहिणे सर्वांत उपयुक्त ठरते. एकट्या आकड्यावरून जे कळत नाही, ते आकड्यांच्या उतरत्या ओळीवरून वेळेत कळते.

== हेही पहा ==

* वांकेल इंजिन
* अंतर्ज्वलन इंजिन
* मोटर ग्लायडर
* मानवरहित विमान