सांडलेल्या प्रकाशाचा हिशेब

गणेशोत्सवात चिंचपोकळीच्या चिंतामणीला गेलात, तर एक गंमत जरूर पाहा. दिव्याचा झोत हवेतून जाताना एरवी दिसत नाही. पण धुपाचा धूर पसरला, की तोच झोत काठीसारखा स्पष्ट दिसतो. असं का? धुराच्या कणांवर आपटून थोडा प्रकाश बाजूला उडतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. याला म्हणतात प्रकाशाचं विकिरण.

मुंबईचं या विकिरणाशी जुनं नातं आहे. १९२१ साली विलायतेहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन 'नारकुंडा' बोटीवरून समुद्र न्याहाळत होते. त्याचा निळा रंग म्हणजे आकाशाचं नुसतं प्रतिबिंब नव्हे. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ताडलं. २६ सप्टेंबरला मुंबई बंदरातूनच त्यांनी 'नेचर' या नियतकालिकाला तसं लिहून कळवलं!

पण कधीकधी हेच विकिरण नकोसं होतं. काचेवर केसाहून कितीतरी पातळ, जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचा पारदर्शक थर चढवतात. त्याचा अपवर्तनांक खालच्या काचेपेक्षा आणि वरच्या हवेपेक्षा जास्त असतो. म्हणून आत शिरलेला प्रकाश वर-खाली पूर्ण परावर्तित होत पुढे सरकतो. मात्र थर जरा जरी खडबडीत असला, तरी थोडा थोडा प्रकाश वाटेत सांडतो. तो मोजायचा कसा?

थरावर प्रिझम दाबून ठरावीक कोनातून लेसर आत सोडतात. लगेच एक चमकती रेघ दिसते. ही रेघ म्हणजेच सांडलेला प्रकाश! तिचा फोटो काढून तेज कसं घटत जातं ते मोजायचं. मध्येच धुळीचा कण ठिपक्यासारखा चमकला, तर तो हिशेबातून वगळायचा. एका सेंटीमीटरात तेज निम्मं झालं, तर नुकसान ३ डेसिबेल. उत्तम काचतंतूत मात्र प्रकाश निम्मा व्हायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. म्हणजे चिंचपोकळीहून लोकलनं निघून घाटकोपर मागे पडेपर्यंत!

घरी करून पाहा. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दुधाचे दोन-तीन थेंब टाका आणि अंधारात बाजूनं टॉर्च मारा. झोत दिसेल. आणखी थेंब टाका. तो लवकर मंदावेल. लेसर मात्र वापरू नका, डोळ्यांना धोका असतो.

आता सांगा पाहू: दर सेंटीमीटरला प्रकाश निम्मा होत असेल, तर तीन सेंटीमीटरवर किती उरेल? आई-बाबांना विचारू नका हं, कागद-पेन्सिल घ्या!