ग्रुपवर आलं म्हणजे बातमी झाली का?

गावात राहून बातम्या, लेख लिहिणाऱ्याला आज बरीचशी माहिती व्हॉट्सॲप ग्रुपवरच मिळते. कुठं गारा पडल्या, कोणत्या बाजारात कांदा काय भावानं गेला, आधी तिथंच कळतं. पण ग्रुपवर मिळते ती नुसती खबर. तपासल्यावरच तिची बातमी होते.

१ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी होते. त्याआधी मोबाईलवर मुलं पळवण्याच्या अफवा फिरत होत्या.

मग तपासायचं कसं? मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो निदान पाच वेळा पुढं ढकलला गेलाय असं समजा. पाठवणाऱ्याला विचारा, ‘तुम्ही स्वतः पाहिलं का? फोटो कधीचा, कुठला?’ मग त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. सरपंच, तलाठी, पोलीस पाटील यांच्यापैकी एकाशी तरी बोला. अर्धा तास जाईल, जाऊ द्या. फोटो दुसऱ्यानं काढलेला असेल, तर विचारून घ्या आणि खाली त्याचं नाव टाका.

खात्री होत नसेल, तर लिहू नका. पुढं ढकलूही नका. चूक झाली तर लोक ग्रुपला नाही, लिहिणाऱ्याला धरतात. आणि संध्याकाळी बसायचं असतं त्याच लोकांसोबत, त्याच पारावर.