तुलना कोणाची कोणाशीं?

‘कोल्हापूरचें पाणी सोलापूरपेक्षां गोड आहे’ हें वाक्य मराठी घरांत कोणालाही खटकत नाहीं. पाण्याची तुलना एका शहराशीं झाली, हें ऐकणाराच्या ध्यानांतही येत नाहीं. राहिलेला अर्थ तो मनांतल्या मनांत पुरा करून घेतो. हीच उदारता इंग्रजी व्याकरणाच्या परीक्षेंत बाळगणारा विद्यार्थी मात्र हातचे गुण घालवून बसतो.

‘द वॉटर ऑफ कोल्हापूर इज स्वीटर दॅन सोलापूर’ असें लिहिलें, कीं एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस शहर उभें राहतें. इंग्रजीस तेथें ‘दॅन दॅट ऑफ सोलापूर’ हवें असतें. हें ‘दॅट ऑफ’ मराठीस अगदींच परकें नाहीं. काळजीपूर्वक बोलणारा ‘सोलापूरच्यापेक्षां’ म्हणतो. त्यांतील ‘च्या’ तेंच काम करतो. मराठींत तो गाळला तरी निभावतें, इतकाच भेद. तुलना रस्त्यांची असेल, म्हणजे मूळ नाम अनेकवचनी असेल, तर ‘दोज ऑफ’ लागतें, आणि नेमकें याच जागीं प्रश्न काढणारे सापळा मांडतात.

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठीं अमेरिकेंत १९५४ सालीं सुरू झालेल्या जीमॅट परीक्षेंत वाक्य सुधारण्याचा एक प्रश्न बरींच वर्षें असे. वाक्यांतील कांहीं शब्द अधोरेखित करून खालीं पांच पर्याय द्यावयाचे. पैकीं पहिला मूळ शब्दांचाच. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपांत हा प्रकार उरला नाहीं. परंतु भारतांतील बँकांच्या परीक्षांत वाक्यांतील चूक हुडकण्याचे प्रश्न येतातच. त्यामुळें ही तयारी वाया जात नाहीं.

आगरकरांनीं १८८८ सालीं काढलेला ‘सुधारक’ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघत असे. आतां हें वाक्य पाहावें: ‘अन्लाइक केसरी, आगरकर पब्लिश्ड सुधारक बोथ इन मराठी अँड इंग्लिश.’ कानास तें गोड लागतें; आणि कानावर विसंबणारे येथेंच फसतात. एक तर वर्तमानपत्राची तुलना माणसाशीं झाली. ‘केसरी’च्या समोर ‘आगरकर्स सुधारक’ यावयास पाहिजे. दुसरें, ‘बोथ’पुढें ‘इन मराठी’ आहे, तर ‘अँड’पुढें नुसतें ‘इंग्लिश’. तराजूचीं दोन्ही पारडीं सारखीं हवींत: ‘इन बोथ मराठी अँड इंग्लिश’, नाहीं तर ‘बोथ इन मराठी अँड इन इंग्लिश’. ‘आयदर’–‘ऑर’ किंवा ‘नॉट ओन्ली’–‘बट ऑल्सो’ या जोड्यांनाही हाच नियम. क्रियापदांच्या मालिकेंतही ‘टु रीड, टु राइट अँड स्पीकिंग’ अशी मिसळ चालत नाहीं.

मुंबई महाराष्ट्रांतील ‘एनी सिटी’पेक्षां मोठी म्हटली, तर ती स्वतःपेक्षांही मोठी ठरते! म्हणून ‘एनी अदर सिटी’ म्हणावयाचें.

हा सारा परीक्षकांचा काथ्याकूट आहे असें ज्यांना वाटतें, त्यांनीं एका वाक्याचा अर्थ सांगून पाहावा: ‘द डॉक्टर ट्रस्ट्स द नर्स मोअर दॅन द पेशंट.’ डॉक्टरांचा रुग्णावर विश्वास कमी, कीं रुग्णाचा परिचारिकेवर कमी? शेवटीं एक ‘डझ’ जोडला, तर संशय परिचारिकेविषयीं आणि तो रुग्णाच्या मनांत. ‘दॅन ही डझ द पेशंट’ म्हटलें, तर अविश्वास डॉक्टरांचा आणि तो बिचाऱ्या रुग्णावर.