राणीच्या बागेतले विस्थापित पुतळे

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, येणाऱ्यांची पावले बहुधा प्राणिसंग्रहालयाकडे वळतात. मात्र याच परिसरात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आसपास, मुंबईचा इतिहास उघड्यावर उभा आहे.

संग्रहालयाबाहेरचा पाषाणाचा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलत असताना तो कोसळून फुटला. १९१४ मध्ये त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले.

ब्रिटिशकालीन पुतळ्यांची कथा वेगळी. लोकभावना लक्षात घेऊन १९६५ मध्ये ते शहरातील चौकांतून हटविण्यात आले आणि त्यांतील अनेक येथे आले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून घडलेली संगमरवरी राणी व्हिक्टोरिया त्यांपैकीच. उद्यानातील 'काळा घोडा' म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सचा, पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, अश्वारूढ पुतळा. तो अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला होता. पुतळा गेला तरी चौकाचे नाव टिकले. २०१७ मध्ये तेथे नवा काळा घोडा बसविण्यात आला, पण स्वाराविना.

चौकातल्या उंच चौथऱ्यावर हे पुतळे सत्तेचा धाक सांगत. येथे ते केवळ इतिहासाचा पुरावा आहेत. नकोशा झालेल्या सत्तेच्या खुणा नष्ट न करताही त्यांचा मान उतरविता येतो, हे मुंबईने येथे दाखवून दिले आहे. पुढच्या खेपेस प्राण्यांबरोबर या पुतळ्यांसाठीही तासभर राखून ठेवावा.