पाट्याचा कोयता

अकोल्याहून वाशिमकडे निघालं, पातूर मागे टाकून घाट चढला की मेडशी येते. मालेगाव तालुक्यातलं हे गाव राष्ट्रीय महामार्ग 161 वर आहे. आसपास सागाचं जंगल, सोयाबीन आणि तुरीची शेतं. वऱ्हाडातल्या अशा हमरस्त्याच्या गावांना घिसाड्यांची पालं नवी नाहीत. मोकळी जागा, एखाद्या झाडाची सावली आणि जवळ पाणी एवढं मिळालं की जमिनीत ऐरण रोवली जाते आणि भट्टी पेटते. शासनाच्या यादीत घिसाडी ही भटक्या जमातींपैकी एक. शेतकऱ्याच्या लेखी मात्र तो वखराची पास, विळा, कुऱ्हाड शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून देणारा माणूस, हंगामाच्या तोंडावर येणारा आणि काम सरलं की पुढच्या गावाला जाणारा.

त्याच्याकडच्या विकायच्या जड वस्तूंपैकी एक म्हणजे मोठा कोयता. कुंपणाच्या बाभळी तोडायला, तुरीच्या जून खोडावर चालवायला, जळतणाची फाटी फोडायला. हा कोयता ट्रकच्या कमानीतल्या पाट्यापासून होतो, आणि गिऱ्हाईकही आधी तेच विचारतं, ‘पाट्याचा हाय का?’ विचारण्यात अर्थ आहे. घरबांधणीच्या सळईत कर्बाचं प्रमाण बेताचं असतं, ती तापवून पाण्यात बुडवली तरी म्हणावी तशी कडक होत नाही. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान कर्ब असतो, जोडीला मँगेनीज किंवा सिलिकॉन. हजारो खड्डे सोसून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते बनवलेलं असतं. ट्रकच्या कामातून बाद झालं तरी त्याचा हा गुण जात नाही. भंगारात ते किलोवर मिळतं.

भट्टीला एके काळी चामड्याचा भाता असे. आता सायकलच्या चाकावर पट्टा चढवून फिरवायचा पंखा किंवा बॅटरीवरचा ब्लोअर. कोळसा बाभळीचा असला तर उत्तम. पाटा लाल होऊन पिवळसरपणाकडे झुकला की छिन्नीने हवा तेवढा तुकडा तोडतात. पुढचं काम दोघांचं. पुरुष बसून सांडशीत लोखंड धरतो, हातातल्या लहान हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवतो, आणि समोर उभी असलेली बाई नेमका तिथे घण घालते. घणाचा वेग, उंची, पडायची जागा सगळं तिच्या हातात. कोयता कोणी घडवला असं विचारलं तर उत्तरात नाव पुरुषाचं येतं. मला ते अर्धंच खरं वाटतं. पाट्याची दहा-बारा मिलिमीटरची जाडी धारेकडे उतरवायचं काम घणाशिवाय होत नाही.

ते उतरवतानाच एक खोड निघते. धारेची कड पातळ होते तशी ती लांबत जाते, पाठ मात्र तेवढीच राहते, त्यामुळे पातं आपोआप पाठीकडे वाकतं. कोयत्याला बाक हवा तो धारेकडे, म्हणजे नेमका उलटा. म्हणून घिसाडी कड पातळ करण्याआधीच तुकड्याला हवा त्याहून जास्त बाक देऊन ठेवतो. पुढे ठोकताना तो बाक थोडा उघडतो आणि शेवटी हवा तिथे येऊन थांबतो. किती वाकवायचं याचं कोणतंही माप लिहिलेलं नाही. मधूनमधून तो पातं डोळ्यासमोर आडवं धरून एक डोळा मिटून पाहतो, एवढंच.

इथवर काही चुकलं तरी पुन्हा तापवून दुरुस्त करता येतं. पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करताना, ती सवलत नाही. पातं पिकल्या बोरासारखं लाल झालं पाहिजे. हे तापमान साधारण 800 ते 850 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. 770 अंशांजवळ लोखंडाचं चुंबकत्व जातं, त्यामुळे शहरातले हौशी लोहार चुंबक लावून पाहतात. पालातला माणूस रंगावर जातो. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवून बसतो, म्हणून सावली लागते.

मग फक्त धारेचा भाग पाण्यात जातो, कधी जळक्या ऑइलमध्ये. पूर्ण पातं थंड पाण्यात घातलं तर या पोलादाला तडा जायची भीती. धार थिजते पण पाठीत ऊब राहते. पातं बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासलं की पांढरी चकाकी दिसते, आणि पाठीतली ऊब धारेकडे सरकू लागते तसे तिच्यावर रंग चढतात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा सुमारे 220 अंशांना, निळा 300 च्या आसपास. वस्तऱ्यासारख्या नाजूक धारेला पिवळ्यावर थांबतात. कोयत्याला तपकिरी सरून जांभळा येऊ द्यायचा आणि मग ऊब मारायची. दोन रंगांमधला हा वेळ काही सेकंदांचाच असतो, आणि कोयत्याचं पुढचं आयुष्य त्यातच ठरतं.

गिऱ्हाइकाची तक्रारही बहुधा इथलीच असते. ‘पानी बराबर देजो भाऊ, मांगच्या खेपेले धार वयली व्हती,’ असं म्हणत जुना कोयता पुढे केला जातो. ‘वयली ना? तुटली तं नाही?’ हा त्यावरचा ठरलेला जबाब. ऐकणाऱ्याला ती सारवासारव वाटते, पण त्यातच सगळी कारागिरी आहे. रस्त्यावरचा कोयता जाणूनबुजून किंचित मऊ ठेवलेला असतो. जास्त कडक ठेवला तर धार टिकेल, पण बाभळीच्या गाठीवर दात पडतील, एखादा तुकडा उडून डोळ्यात जाईल. वळलेली धार बांधावरच्या दगडावर सरळ करता येते, कानशीने परत चढवता येते. दात पडलेला कोयता मात्र सगळा घासून काढावा लागतो. ज्याच्याकडे धार लावायचं यंत्र नाही, त्याच्यासाठी केलेला हा हिशेब आहे.

परीक्षाही त्याच हिशेबाची. पातं ऐरणीवर हलकेच टिचकावून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. धारेवर कानस फिरवायची. ती नुसती घसरली तर पोलाद फार कडक राहिलंय, कचाकच खाऊ लागली तर मऊ. जराशी धरत धरत सरकली की बरोबर. शेवटी वाळक्या बाभळीच्या ओंडक्यावर दोन-चार घाव, आणि धार उजेडासमोर धरून बघणं. जिथे उजेड चमकतो तिथे धार वळली किंवा बसली असं समजायचं.

अमेरिकेत याच कामाची रीतसर परीक्षा आहे. बिल मोरान आणि सोबत्यांनी 1976 मध्ये स्थापन केलेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीत उमेदवाराला स्वतः घडवलेल्या सुरीने लोंबता इंचभर जाड दोर एका फटक्यात तोडावा लागतो, मग लाकडाच्या फळ्या तोडाव्या लागतात, आणि त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत. सगळ्यात शेवटी पातं शिकंज्यात धरून 90 अंशांत वाकवतात. काठावर थोडी चीर गेलेली चालते, मोडलेलं चालत नाही. धार कडक आणि पाठ चिवट, ही तिथली अट पालातल्या भट्टीवरही पाळली जाते. फक्त तिथे वाकवून दाखवल्यावर सुरी वाया जाते, आणि इथे कोयता विकायचा असतो. त्यामुळे इथली खरी परीक्षा वर्षभर शेतात चालते, आणि निकाल पुढच्या हंगामात, पाल पुन्हा पडतं तेव्हा लागतो.

कोयत्याच्या नशिबी आता शहरातल्या गुन्ह्यांमुळे बदनामीही आली आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हत्यारांत धरलं आहे, पण घरगुती आणि शेतीकामासाठी बनवलेली साधनं त्यातून वगळली आहेत. मोठा कोयता या दोन्ही मापांच्या सहज पुढे जातो. त्याला वाचवतो तो त्याचा उपयोग. हा फरक कागदावर स्पष्ट आहे. पोतंभर कोयते घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला रस्त्यात कोणी अडवलं, तर तो समजावून सांगणं तितकं सोपं नाही.

कारखान्यातून छापून आलेले कोयतेही बाजारात मिळतात, दिसायला चकचकीत. त्यांच्याशी टक्कर देताना पालातही आता इलेक्ट्रिक ग्राइंडर दिसतो. कानशीचं तासाभराचं काम तो काही मिनिटांत करतो. जाणता घिसाडी मात्र धारेशी आला की ग्राइंडर बाजूला ठेवून पुन्हा कानस हातात घेतो. ग्राइंडर जरा जास्त टेकला की धार निळी पडते, म्हणजे 300 अंशांच्या पुढे जाऊन मऊ होते, आणि दिलेलं पाणी तेवढ्या जागी उतरतं. घरी नेलेला कोयता लोक वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर घासून आणतात, धारेवर निळे डाग पाडून घेतात, आणि पुढच्या खेपेला तो घिसाड्यापुढे टाकून म्हणतात, पाणी बरोबर दिलं नव्हतं.